चित्राखालची ओळ

औंढा नागनाथला शाळेची सहल गेली की एक प्रश्न हमखास येतो. शंकराच्या देवळात नंदी देवासमोर असायचा, इथे तो देवळाच्या पाठीमागे कसा? उत्तरही ठरलेले असते. नामदेव महाराज देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना मागे जायला सांगितले, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच फिरून त्यांच्यासमोर आले. नंदी मात्र होता तिथेच राहिला. नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसी याच हिंगोली जिल्ह्यात आहे, त्यामुळे इथल्या मुलांना ही कथा घरच्या गोष्टीसारखी ठाऊक असते.

आता समजा, सहलीतल्या एका मुलाने या नंदीचा फोटो काढला आणि खाली ओळ लिहिली, ‘उशिरा आलो, सरांनी मागच्या बाकावर बसवलं.’ वर्ग हसेल. फोटो तोच, नंदी तोच. पण कथा सांगणाऱ्याने त्याला एक अर्थ दिला होता, मुलाने दुसरा दिला. आणि ज्याला कथा माहीत नाही, ओळही वाचता येत नाही, अशा परक्या माणसाला त्या फोटोत एका दगडी बैलापलीकडे काहीच दिसणार नाही.

फोटो आणि त्यावर किंवा त्याखाली एक ओळ, अशा या करमणुकीला आज सर्रास ‘मीम’ म्हणतात. काही शाळांत माध्यमकलेच्या तासाला मुलांकडून अशी मीम्स करून घेतात, तीही स्वतः काढलेल्या फोटोंवर. आपल्याकडच्या शिक्षकांना हे ऐकून थोडे अवघडल्यासारखे होईल. मुलांच्या हातातला मोबाइल काढून घेता घेता दमछाक होते, तिथे वर्गात मीम कशाला? आम्हांलाही आधी तसेच वाटले होते. पण छायाचित्राचा इतिहास चाळू लागल्यावर मत बदलले. चित्राखालच्या ओळीचा हा खेळ मोबाइलच्या कितीतरी आधीचा आहे, आणि तो नेहमीच हसण्यावारी गेलेला नाही.

शब्दापासूनच सुरुवात करू. ‘मीम’ हा शब्द घडवला जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी, १९७६ सालच्या ‘द सेल्फिश जीन’ या पुस्तकात. अनुकरण केलेली वस्तू या अर्थाचा ‘मिमेमा’ हा ग्रीक शब्द त्यांनी ‘जीन’शी यमक जुळावे म्हणून छाटला. जनुके जशी एका पिढीतून दुसरीत नकलून जातात, तशा गाण्याच्या चाली, म्हणी, पोशाखाच्या तऱ्हा एका डोक्यातून दुसऱ्यात जातात. या नकलल्या जाणाऱ्या एककाला नाव हवे होते. इंटरनेटवरच्या चित्रांना ते नाव पुढे चिकटले. नक्कल होताना जनुकांत बदल होतात तसे यांतही होतात, इतपत उपमा जमते. फार ताणू नये.

पण वस्तू शब्दाहून जुनी असते. १८३९ साली पॅरिसमध्ये लुई दागेर यांच्या छायाचित्रण पद्धतीचा गाजावाजा झाला. ७ जानेवारीला विज्ञान अकादमीत घोषणा, १९ ऑगस्टला कृती जाहीर, आणि दागेर यांना सरकारी निवृत्तिवेतन. त्याच वेळी फ्रान्सच्या अर्थखात्यातला एक कारकून, इपोलित बेयार, कागदावर फोटो काढण्याची स्वतःची पद्धत घेऊन उभा होता. २४ जून १८३९ रोजी त्याने तीस छायाचित्रे लोकांना दाखवलीही होती. सरकारने त्याची बोळवण केली ती उपकरणांसाठी ६०० फ्रँक देऊन.

बेयारने काय करावे? १८४०च्या ऑक्टोबरमध्ये त्याने स्वतःचाच फोटो काढला. कमरेपर्यंत उघडा, डोळे मिटलेले, बाजूला गवती टोपी. फोटोच्या मागे मजकूर लिहिला. त्याचा मतितार्थ असा, की हे प्रेत या पद्धतीचा शोध लावणाऱ्या बेयार यांचे आहे. सरकारने दागेर यांना पुष्कळ दिले आणि बेयार यांच्यासाठी काही करता येत नाही असे सांगितले, तेव्हा या दुर्दैवी गृहस्थाने पाण्यात उडी घेतली. पुढे असेही लिहिले, की चेहरा व हात आता कुजू लागले आहेत, तेव्हा बघणाऱ्यांनी जरा दूर व्हावे.

बेयार पुढे अनेक वर्षे जगला. फोटो खरा होता, मजकूर थापेचा होता आणि तक्रार पुन्हा खरी होती. मीम म्हणायचे तर याहून चांगले पहिले उदाहरण आम्हांला सापडलेले नाही.

विज्ञानाच्या शिक्षकांनी थोडे इथे थांबायला हरकत नाही. फोटोत चेहरा आणि हात खरोखरच काळे दिसतात. का? त्या काळची चांदीच्या क्षारांची रसायने निळ्या-जांभळ्या प्रकाशाला संवेदनशील होती, तांबड्याला जवळजवळ आंधळी. उन्हाने रापलेल्या कातडीवरून निळा प्रकाश फार थोडा परत येतो, म्हणून एरवी कपड्याखाली असलेले अंग उजळ आले आणि तोंड-हात काळवंडले. बेयारने रसायनाच्या या दोषालाच विनोदात कामाला लावले. शिवाय फोटोला कित्येक मिनिटे हलता येत नसे. प्रेताचे सोंग घेणाऱ्याला ही अडचण मुळीच नव्हती!

निळ्याचा हाच पक्षपात पुढच्या ओल्या काचेच्या पद्धतीतही राहिला. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ती प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायची. या काचेवर निळे आकाश पांढरेफटक येई. म्हणून चित्रकार-छायाचित्रकार आकाशाची काच वेगळी आणि जमिनीची वेगळी वापरून कागदावर जोड देऊ लागले. ऑस्कर रेजलँडर यांनी १८५७ साली तिसाहून अधिक काचा जोडून एकच मोठे चित्र तयार केले. ‘जोडलेला फोटो’ संगणकाने आणला, असे मुलांना वाटते. तो रसायनाच्या एका उणिवेतून आला.

आणि हे सर्व मुंबईला फार लवकर पोचले. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. एल्फिन्स्टन म्हणजे दादाभाई नौरोजी आणि भाऊ दाजी लाड ज्या संस्थेत शिकले ती. दागेर यांची पद्धत जाहीर होऊन सोळा वर्षे झाली होती, मुंबई विद्यापीठ निघायला अजून दोन वर्षे होती, आणि इथले विद्यार्थी कॅमेरा चालवायला शिकत होते. माध्यमकलेचा वर्ग हे काही आजचे खूळ नव्हे, एवढे यावरून नक्की म्हणता येईल. या वर्गातून बाहेर पडलेल्यांपैकी हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. (छायाचित्रकार असून त्यांनी १८७४ साली लंडनमध्ये भगवद्गीतेवर इंग्रजी विवेचनही छापले, त्या पिढीला विषयांच्या भिंती फारशा आडव्या येत नसत.) भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्याच काळातले छायाचित्रकार.

मराठवाड्याचे नशीब वेगळे. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, तिथे लष्कराची छावणी होती. एल्फिन्स्टनसारखा वर्ग या बाजूला नव्हता. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचे नाव १८८०च्या दशकापासून गाजले, पण तो कॅमेरा दरबाराचा आणि स्टुडिओ सिकंदराबादेत. शाळेतल्या मुलाच्या हाती कॅमेरा येण्यासाठी हिंगोलीला मोबाइलचीच वाट पाहावी लागली.

कॅमेरा कोणाच्या हाती आहे, याने काय फरक पडतो? मुंबईतलेच एक पुस्तक पाहा. विल्यम जॉन्सन हे मुंबई सरकारच्या नोकरीतले गृहस्थ, फोटोग्राफिक सोसायटीच्या संस्थापकांपैकी. त्यांनी मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या जातिजमातींचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. दुसरा खंड महाराष्ट्राचा. त्यातली कित्येक चित्रे जोडलेली आहेत. माणसे स्टुडिओत उभी केली, रस्ता, देऊळ किंवा झाडी वेगळ्या काचेवरून आणली आणि दोन्ही एकत्र छापली. पाहणाऱ्याला वाटावे, ही माणसे तिथेच उभी होती. पान उलटावे तर लेख: ही जात अशी, तिचा धंदा हा, स्वभाव असा. फोटोतल्या माणसाचे नाव बहुधा नाही.

याहून मोठा खटाटोप सरकारनेच केला. १८६८ ते १८७५ या काळात फोर्ब्स वॉटसन आणि जॉन के यांच्या संपादनाखाली ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड निघाले. त्यात ४६८ छायाचित्रे. प्रत्येकाला मजकूर जोडलेला, आणि त्यात कोणती जमात प्रामाणिक, कोणती आळशी, कोणती राजनिष्ठ हे बिनदिक्कत लिहिलेले. १८५७च्या उठावाला थोडीच वर्षे झाली होती. राजनिष्ठेची चौकशी का, हे सांगायला नको. एक चेहरा आणि त्याखाली अख्ख्या जमातीचा निकाल.

सय्यद अहमद खान १८६९ साली मुलांसह लंडनला गेले होते, तेव्हा इंडिया ऑफिसात त्यांनी हे पुस्तक पाहिले. त्यांनी लिहिलेल्या पत्रात त्या प्रसंगाची हकिकत आहे. त्यांचा मुलगा पुस्तक चाळत असताना एक तरुण इंग्रज आला, त्याने थोडी पाने पाहिली आणि विचारले, तुम्हीही हिंदुस्थानीच का? मुलाने हो म्हटले, पण त्याचा चेहरा उतरला, आणि आपण या चित्रांतल्यांपैकी नाही असे तो घाईघाईने सांगू लागला. आम्हांला या हकिकतीतली खरी बोच त्या घाईत दिसते. ‘मी त्यांच्यातला नाही’ असे सांगून तो स्वतः सुटला. चित्रातली माणसे तिथेच राहिली, कोणीतरी लिहिलेल्या ओळीखाली. वर्गातल्या एखाद्या मुलाचा फोटो इतरांनी खोडसाळ ओळ घालून पाठवला, तर बाकीची मुले अगदी असेच वागतात.

विसाव्या शतकातली उदाहरणे पुष्कळ आहेत, आपण भरभर जाऊ. १९२०च्या आगेमागे मॉस्कोत चित्रपट शिकवणारे लेव्ह कुलेशोव्ह यांनी एका नटाचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवला, असे सांगतात: एकदा सूपच्या वाडग्यापुढे, एकदा शवपेटीपुढे. लोकांना तोच चेहरा एकदा भुकेला आणि एकदा दुःखी वाटला. १९३०च्या दशकात जॉन हार्टफील्ड यांनी जर्मनीत फोटो कापून, जोडून, खाली बोचरे शब्द घालून हिटलरची टर उडवली. शेवटी त्यांना देश सोडावा लागला. नाटककार ब्रेख्त यांनी महायुद्धाच्या काळात वर्तमानपत्रांतले फोटो कापून ठेवले आणि प्रत्येकाखाली स्वतःच्या चार ओळी लिहिल्या. ते पुस्तक १९५५ साली निघाले. वर्तमानपत्राने जो फोटो विजयाचा म्हणून छापला, तो ब्रेख्त यांच्या ओळींखाली शोकाचा होई. ज्या हत्याराने ‘द पीपल ऑफ इंडिया’ लिहिले गेले, तेच हे हत्यार. फक्त धरणारा हात बदललेला.

आता आपल्याच राज्यातली, अलीकडची घटना. ती वर्गात सांगणे जड जाते, पण टाळता येत नाही. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवडी बाजार होता. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशा अफवा मोबाइलवरून फिरतच होत्या. जमावाने या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. पाचही जण गेले.

त्या दिवसांत देशभर फिरणारी दृश्ये कोणती होती? एक होते मोटारसायकलवरून मूल उचलून नेल्याचे. ते मुळात पाकिस्तानातल्या कराचीत, मुलांच्या सुरक्षेबद्दल पालकांना सावध करण्यासाठी केलेले जाहिरातपट होते. शेवटी ते लोक मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढा शेवट कोणीतरी कापला होता. दुसरीकडे लहान मुलांच्या मृतदेहांचे फोटो फिरत होते. ते २०१३ साली सीरियात झालेल्या रासायनिक हल्ल्यातले. दृश्ये खोटी नव्हती. खोटे होते ते त्यांच्यासोबतचे शब्द.

अशा वेळी ‘खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नका’ असा उपदेश आपण करतो. मुले मान डोलावतात आणि विसरतात. आम्हांला वाटते, ओळ लिहिण्याची ताकद ज्याने स्वतः एकदा वापरून पाहिली, त्याला दुसऱ्याने लिहिलेल्या ओळीचा संशय अधिक लवकर येईल. आणि म्हणून फोटो स्वतः काढलेलाच हवा. इंटरनेटवरून उचललेल्या फोटोच्या चौकटीबाहेर काय होते, ते मुलाला माहीत नसते. स्वतःच्या फोटोचे माहीत असते. (उचललेल्या फोटोला मालकही असतो, ही गोष्ट आहेच. आपल्या १९५७च्या कायद्याप्रमाणे छायाचित्राचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो.)

हिंगोलीत हा तास कसा होईल, याची कल्पना करू. हिंगोली आणि वसमत ही हळदीच्या बाजाराची गावे. समजा, एका मुलीने बाजारात पोत्यांवर झोपलेल्या माणसाचा फोटो आणला, त्याला विचारून घेऊन. फळ्याशेजारी तो लावला आणि तीन गटांना एकेक ओळ लिहायला सांगितली. एक गट लिहील, ‘भाव वाढला की उठवा.’ दुसरा लिहील, ‘रात्रभर हळद शिजवली.’ तिसरा लिहील, ‘कामचुकार.’ तिन्ही ओळींवर हशा पिकेल, तिसरीवर कदाचित सर्वांत मोठा. मग त्या मुलीने उठून सांगायचे, की हा माणूस पहाटे तीनपासून गाडी रिकामी होण्याची वाट पाहत रांगेत होता. त्यानंतर तिसऱ्या गटाला काही सांगावे लागत नाही. तिथेच ‘द पीपल ऑफ इंडिया’ची गोष्ट सांगावी, ती नीट कळेल.

मोबाइल शाळेत चालत नसेल तर? मग हळदच घ्यावी. फोटोग्राफी हा शब्द रूढ करणारे जॉन हर्शेल यांनी १८४२ साली फुलापानांच्या रसांनी कागद रंगवून त्यावर उन्हात चित्रे उमटवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. हळदीवर हा प्रयोग छान होतो, कारण तिच्यातले कर्क्युमिन उन्हात विटते. हळदीचे कपड्यावरचे डाग उन्हात टाकले की उडतात, हे प्रत्येक घरात माहीत आहे. दोन-तीन चमचे हळद थोड्या स्पिरिटमध्ये कालवून फडक्याने गाळावी. स्पिरिट पेट घेते, तेव्हा जवळ ज्योत नको आणि खिडक्या उघड्या हव्यात. हा पिवळा अर्क चित्रकलेच्या जाड कागदावर ब्रशने सावलीत लावून वाळवावा. वर एखादे पान, किंवा पारदर्शक प्लॅस्टिकवर छापून घेतलेला आपला फोटो ठेवावा, खाली काळ्या कागदातून कापलेली अक्षरे मांडावीत, काच दाबून बसवावी आणि कडक उन्हात दोन-चार तास ठेवावे. झाकलेला भाग पिवळा राहतो, उघडा फिका पडतो.

मग हातमोजे घालून टाकणखाराचे, म्हणजे बोरॅक्सचे, पातळ पाणी त्यावरून फिरवावे. पिवळे होते ते पाहता पाहता तांबूस तपकिरी होते आणि अक्षरे उठून दिसतात. हळदीचे कुंकू करताना टाकणखार वापरतात, ते रसायन याच जातीचे. इथे निगेटिव्ह लागत नाही. प्रकाश लागेल तिथे रंग उडतो आणि सावलीत राहतो. बेयारची पद्धतही याच तत्त्वावर होती. आधी काळा केलेला कागद प्रकाश पडेल तिथे फिका होई.

हे चित्र पक्के करण्याचा उपाय मात्र नाही. वर्गाच्या भिंतीवर लावले तर उजेडाने हळूहळू उडून जाईल. ज्याला ठेवायचे आहे त्याने वहीच्या पानांत, अंधारात ठेवावे, आणि कोणी, कुठे, कधी काढले ते मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहावे. बेयारनेही आपला मजकूर मागच्याच बाजूला लिहिला होता.